दोघांचा एकच नंबर

टिकेशचं आमगावला कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइटही त्यानेच बनवलेली. तिच्यात मुलांचे नंबर एकपासून, मुलींचेही एकपासून. सगळ्यांना मिळून सलग नंबर दिले तर घोळ होणार नाही, हे त्याला कळत होतं. पण ‘चल जाएगा’ हा गोंदियाकडचा मोठा मंत्र, आणि टिकेश त्याचा पक्का भक्त.

लग्न जुळलं की त्याच दिवशी नाव साइटवरून काढायचं, ही मंडळाची रीत. टिकेशच्या प्रोग्रॅममध्ये जुळलेल्याचा नुसता नंबर राहायचा; तो मुलाचा की मुलीचा, याची नोंदच नाही. त्यामुळे एकशे बारा नंबरच्या मुलाचं जुळलं आणि एकशे बारा नंबरची कुंताही साइटवरून गेली. अशी नावं गेलेले बाकीचे लोक दुकानात येऊन भांडले. टिकेशने कारण न शोधता त्यांची नावं परत टाकली.

कुंताची आई रुख्माबाई सालेकशाकडची, भांडणारी नव्हती. तिने एकदा फोन केला होता. “पोरीचं नाव दिसून नाही राहिलं, बाप्पा.”

“तुमच्याकडे नेट स्लो असंल, काकू,” म्हणून टिकेशने फोन ठेवून दिला. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

दोन वर्षांनी साइट नव्याने करायला घेतली तेव्हा त्याला हे सगळं दिसलं. त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि गाडीला किक मारली.

कुंताच्या दारात मांडव घालणं चाललं होतं. रुख्माबाईने हसून त्याच्या हातात पत्रिका दिली. “एक स्थळ येईना, बाबू. चैनलाल बिजवर हाय, दोन लेकरं हायेत, पण मानूस चांगला हाय. तू त नाव टाकलं होतंस, तू तरी काय करशील?”

ती माफी त्याला सोसवली नाही. त्याने तिथेच सगळं सांगून टाकलं. रुख्माबाई मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली. “म्या फोन केला होता ना रे,” एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा तेच.

अंगाला हळद लागलेली कुंता दारात आली. आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मायले कायले सांगतलं? मले एकटीले सांगायचं होतं. मी गिळून घेतलं असतं. आता माय जन्मभर रडत राहील.”