त्या सकाळी टेकडी कोणाच्या ताब्यात होती

माझा थोरला भाऊ सैन्यात होता, पण तो लढताना गेला नाही. दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांच्या भांडणात, दोन्ही बाजूंच्या मधे उभं राहायला त्याला पाठवलं होतं. शांतिसेनेची निळी टोपी घालून. त्यांच्या चौकीच्या आवारात पाण्याची मोठी टाकी होती. लढाई जवळ सरकली की आसपासच्या गावांतली माणसं भांडी घेऊन तिथे येत. एका सकाळी दादा त्यांची रांग लावत होता, तेव्हा टाकीजवळ तोफगोळा पडला. दादा गेला. रांगेतली एक बाई आणि तिच्या कडेवरचं मूल, तेही गेले. त्या दोघांची नावं मला आजपर्यंत कळली नाहीत. कागदांमध्ये त्यांना 'स्थानिक नागरिक' म्हटलं आहे.

गोळा आमचा नव्हे, असं दोन्ही बाजूंनी त्याच दिवशी जाहीर केलं.

आम्ही वैनगंगेकाठचे, मासे धरून आणि थोडं धान पिकवून जगणारे. पेटी गावात आली ती बंद होती आणि बंदच ठेवायची होती. आई तिच्यावर हात ठेवून बसली. हात कुठे ठेवावा हे तिला कळेना, कारण डोकं कोणत्या बाजूला आहे ते कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी सोबत आलेल्या एका जवानाने वाकून तिचा हात उचलला आणि दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

दहाव्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट पाहत बसलो. कावळे होते, समोरच्या करंजाच्या झाडावर चांगले पाच-सहा होते, पण एकही खाली येईना. आमच्याकडे अशा वेळी जवळची माणसं पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतात. मनात काय राहिलं ते ओळखायचं आणि पुरं करू म्हणायचं. वहिनी म्हणाली, "पोरीले शिकवीन. मायले सोडून माहेरी जात नाई." कावळे हलले नाहीत. काका म्हणाला, "तुह्या वावराकडं मी पाहीन." तरी नाही. मग चुलतभाऊ पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "तुहं जाळं माह्याकडं हाय, ते वापस करतो." मागून कोणीतरी म्हणालं, "ते त फाडून ठेवलं तू, काय वापस करतं?" आणि त्या उन्हात माणसं हसली. आईसुद्धा किंचित हसली.

ऊन चढत गेलं. भटजी घड्याळ पाहू लागले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घरात मीच शिकलेली, कागद वाचणारी. मी पुढे झाले आणि म्हणाले, "दादा, तुला कोणी मारलं ते मी शोधून काढीन. काढून आईला सांगीन."

कावळा आला.

खालच्या अंगाला काही बाया मासळी धूत होत्या आणि कावळ्यांचं लक्ष तिकडेच होतं; त्या नेमक्या तेव्हा उठून गेल्या होत्या, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मात्र सगळे एकदम उठले. परतताना काकू माझ्या कानाशी म्हणाली, "बोलून बसली तू. आता करा लागन."

आमच्यात रीत अशी की पिंडापाशी दिलेला शब्द पुरा झाल्याशिवाय त्या माणसाला पितरांत घेत नाहीत. अक्षय्य तृतीयेला नवी घागर भरतात, पळसाच्या पत्रावळी मांडतात, चिंच-गुळाची चिंचवणी करतात आणि एकेका पितराचं नाव घेऊन पाणी सोडतात. पहिल्या वर्षी आईने बाबांचं नाव घेतलं, आजा-आजीचं घेतलं आणि थांबली. वहिनी म्हणाली, "माय, त्याहीचं?" आई म्हणाली, "त्याले अजून नाई घेता येत. हिनं सांगतलं की घेऊ."

मी पत्रं लिहिली. सैन्याच्या कार्यालयाला लिहिली, दिल्लीला लिहिली, परदेशातल्या त्या मोठ्या संस्थेला लिहिली. उत्तरं सभ्य होती. चौकशी सुरू आहे, चौकशी पूर्ण होत आली आहे, संबंधित पक्षांकडून माहिती मागवली आहे. दोन वर्षांनी अहवालाची काही पानं आली. मी ती वाचनालय बंद झाल्यावर शब्दकोश जवळ घेऊन वाचली, इंग्रजी येत असूनही. एकही शब्द अंदाजाने घ्यायचा नव्हता.

गोळा एका टेकडीवरून आला होता, यावर कोणाचं दुमत नव्हतं. पण ती टेकडी त्या आठवड्यात आधी एकांच्या ताब्यात होती, मग दुसऱ्यांच्या, मग पुन्हा पहिल्यांच्या. नेमक्या त्या सकाळी ती कोणाकडे होती, यावर दोन्ही बाजूंची वेगवेगळी निवेदनं होती. तोफ दोघांकडेही एकाच बनावटीची होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की, जबाबदारी निश्चित करता येत नाही.

त्या दोन बाजूंची खरी नावं आईच्या जिभेवर बसत नसत. ती एकांना डोंगराकडचे म्हणे आणि दुसऱ्यांना नदीकडचे. दर दुसऱ्या शनिवारी मी बसने गावी जायची. पायातली चप्पल काढायच्या आत ती विचारायची, "सांगतलं काय त्याहीनं?"

"नाही गं."

"डोंगराकडचे का नदीकडचे, येवढंच त पुसलं. त्याले काय इतकं लिवा लागते?"

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तिला ताप धरला. तो उतरला, पण ती उतरलेलीच राहिली. एकदा मी शेजारी बसले असताना ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नळावर गेली की माह्या मांगं कोनीतरी उभं रायते. मी सरकून जागा देतो, तरी पुढं नाई येत."   चंद्रपूरला परतल्यावर वाचनालयातल्या माठापाशी मी पेला भरायची आणि नकळत एक पाऊल बाजूला व्हायची. कितीतरी दिवस.

आमच्या वाचनालयाचे चौकीदार एटापल्लीच्या जंगलाकडचे. वयाने मोठे, कमी बोलणारे. टेबलावरची ती पानं त्यांनी अनेकदा उचलून ठेवली होती. एकदा त्यांनी विचारलं की हे काय आहे, आणि मी सगळं सांगितलं.

"आमच्या इकडं बी असंच," ते म्हणाले. "जंगलात गोळीबार झाला, त्यात माही बहीण गेली. मोहफुलं वेचाले गेली होती. मंग एकाचा कागद आला का त्याहीनं मारलं. दुसऱ्याचा कागद झाडाले लागला का यायनं मारलं. दोन्ही कागदात तिचं नाव चुकीचं."

"मग तुम्ही आईला काय सांगितलं, भाऊ?"

"अस्वलानं मारलं म्हून सांगतलं. म्हातारीले दिसत नव्हतं. तिनं अस्वलाले दोन दिवस शिव्या देल्या, मंग जेवली." ते पानं सरळ करत राहिले. "तुमीबी सांगून टाका बाई, काहीतरी."

मी त्यांचं ऐकलं, पण अर्धंच. पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. आईने विचारण्याआधीच म्हणाले, "आई, उत्तर आलं. डोंगराकडच्यांनी."

डोंगराकडचेच का? अहवालात त्यांचं नाव आधी आलं होतं. याखेरीज कारण नाही.

आईने डोळे मिटले. "पक्कं?"

"पक्कं. लिहून आलंय."

दुसऱ्या दिवशी तिने दादाचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं. पुष्कळ पाणी, पत्रावळ वाहून जाईल इतकं. त्यानंतर नळावरचं ती कधी बोलली नाही. मी हलकी झाले. खोटं बोलून असं हलकं वाटतं हे मला आधी माहीत नव्हतं.

पण चौकीदारांनी अस्वल सांगितलं होतं आणि मी माणसं सांगितली होती. अस्वलाला शिव्या देऊन दोन दिवसांत माणूस जेवायला बसतो. माणसांचं तसं होत नाही. आईने डोंगराकडच्यांना धरलं. दिवा लावताना ती त्यांचा निर्वंश मागू लागली. टीव्हीवर त्या देशातलं काही दिसलं, कुठल्या गावात घरं कोसळलेली, बाया धुळीत बसलेल्या, की ती विचारायची, "हे कोनाकडचे?" डोंगराकडचे म्हटलं की ती मान हलवून भाजी निवडत राहायची. असल्या बायांकडे पाहून एके काळी तिचे डोळे भरत. गावातही तिने सांगितलं. माझा भाऊ कोणी मारला हे आता आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. मला सोडून.

दादाची मुलगी तेव्हा लहान होती. ती हे ऐकतच वाढली. मागच्या वर्षी ती अकरावीला चंद्रपूरला आली आणि माझ्याकडे राहू लागली. शाळेत असताना तिने वडिलांवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं, तो तिने मला दाखवला. अक्षर अगदी दादासारखं. डोंगराकडच्यांचं खरं नाव तिने कुठूनतरी शोधून लिहिलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं की या लोकांना मी कधीही क्षमा करणार नाही.

मी वही मिटून परत दिली. चांगलं लिहिलंस म्हणाले.

यंदा हिवाळ्यात एका रविवारी ती म्हणाली, "आत्या, बाबाचा तो कागद कुठी हाय? आता मले इंग्रजी वाचता येते."

हरवला म्हणता आलं असतं. तीस वर्षांच्या नोकरीत कोणता कागद कसा हरवतो हे मला नीट माहीत आहे. मी कपाट उघडलं आणि पानं तिच्यापुढे ठेवली. ती पलंगावर बसून वाचू लागली. अडलं तिथे मला न विचारता शब्दकोश उघडत होती. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. शेवटचं पान उलटल्याचा आवाज आला, मग तिने ते पुन्हा उलटलं. मागच्या बाजूला काही लिहिलंय का ते पाहत असावी.

ती दाराशी आली.

"इथी त काहीच नाई."

"नाही."

"मंग डोंगराकडचे कोनं सांगतलं?"

"मी."

 तिच्या आजीला पाणी का सोडता येत नव्हतं, नळावर काय होत होतं, मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "आजीले सांगू नको. पानी बंद करन ते." आणि पानं गोळा करता करता, "मले त सांगायचं होतं ना. मी काय पानी बंद करनार होती?"

  तिने तो निबंध फाडला नाही, मी पाहिलं. तो तिच्या पिशवीत तसाच आहे.

यंदाच्या अक्षय्य तृतीयेला आम्ही दोघी गावी गेलो. आईला आता खाली बसवत नाही, म्हणून पत्रावळी पाटावर मांडल्या. तिने बाबांचं नाव घेतलं, आजा-आजीचं घेतलं, दादाचं घेतलं. घागर कलंडवून ती दरवर्षीप्रमाणे म्हणाली, "ज्या डोंगराकडच्याइनं माहा पोरगा नेला त्याहीच्या घरी पानी देनारा कोनी राहू नये." मग दरवर्षीप्रमाणे आमच्याकडून हो यायची वाट पाहत थांबली.

वहिनी हो म्हणाली. आम्ही दोघी बोललो नाही. पोरीने माझ्याकडे पाहिलं नाही, ती घागरीकडे पाहत होती. आईचा हात हवेत थांबला.

"काऊन गप बसल्या तुमी?"

पोरगी पुढे झाली आणि आजीच्या मनगटाखाली आपला हात धरला. "काई नाई आजी. हात दुखन तुहा. सोड पानी."