केया झोपली आहे

सत्यजित पेंडुरकर माणूस म्हणून लाखात एक, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दुबईच्या अल बर्शात कुणाचा एसी बंद पडला, की लोक कंपनीला फोन करत नाहीत, त्याला करतात, आणि हा जेवणाच्या ताटावरून उठून जातो. पण वाईट बातमी तोंडातून काढायची वेळ आली की त्याची दातखीळ बसते. बसते म्हणजे बसतेच.

दोष त्याचा एकट्याचा नाही म्हणा. आखातात राहणाऱ्या आपल्या माणसांची ही जुनी खोड. गावी कुणी गेलं तर 'गेले' म्हणून कळवायचं नाही. 'सिरियस आहेत, लगेच नीघ' म्हणायचं. सत्यजितचे वडील मालवणला वारले तेव्हा त्यालाही असंच कळवलं. हा बापडा वडिलांसाठी खजूर आणि गुडघ्याला लावायचं मलम घेऊन विमानात बसला, आणि दारातल्या चपलांचा ढीग पाहून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. एवढं भोगल्यावर माणसाने शहाणं व्हावं की नाही? नाही झाला.

त्याचे सासरे त्याच्याच घरी राहत. योझे त्यांचं नाव, मूळचे स्लोव्हेनियाचे. तरुणपणी बंदरात क्रेन उभारायच्या कामावर बायकोला घेऊन दुबईत आले आणि इथलेच झाले. त्यांची मुलगी आलेंका इथे वाढली, आणि ऑफिसचा एसी दुरुस्त करायला आलेल्या या मालवणी पोराच्या प्रेमात पडली. आता सासूबाईही नाहीत आणि आलेंकाही नाही. घरात उरली चार माणसं: योझे, सत्यजित, त्याची आई मनोरमाबाई आणि त्याची मुलगी केया. मनोरमाबाई योझेंना 'व्याहीबुवा' म्हणत, ते त्यांना 'मॅडम'. संध्याकाळी बाल्कनीत दोघांच्या गप्पा चालत, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या हातवाऱ्यांनी, आणि दोघांनाही सगळं कळे.

केया फिजिओथेरपी शिकत होती. जगभर पांगलेल्या स्लोव्हेनियन घरांतल्या नातवंडांसाठी एक फेलोशिप असते, ती तिला मिळाली. आजोबांच्या देशातल्या रुग्णालयात पक्षाघाताच्या पेशंटांबरोबर काम, जोडीला भाषेचे वर्ग, आणि शेवटी परीक्षा. मध्येच सोडून आलं की खलास, पुन्हा संधी नाही. ती निघाली त्या दिवशी योझे विमानतळावर शाळकरी पोरासारखे नाचत होते. आलेंका गेल्यापासून त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलणारं घरात कुणी नव्हतं. केया तिथे जाऊन ती भाषा भराभर शिकली, आणि रोज चहाच्या वेळी व्हिडिओ कॉल करून 'देदी, देदी' म्हणत आजोबांना ऐकवू लागली. ते तिच्या चुका काढत आणि पोट धरून हसत.

आणि एका सकाळी योझे बाथरूमच्या दारात कोसळले. पक्षाघातच. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, आणि इतकी वर्षं बोललेली इंग्रजी पार पुसली गेली. उरली ती फक्त लहानपणची भाषा, तीही जड जिभेने. हॉस्पिटलच्या डॉक्टर नबिला म्हणाल्या, आपण बोललेलं त्यांना कळतंय, त्यांना इंग्रजीत उत्तर तेवढं देता येत नाही.

केयाला सांगायचं नाही, हे ठरवायला मायलेकांना दोन वाक्यंसुद्धा लागली नाहीत. सांगितलं तर पोरगी पुढच्या विमानाने येणार, फेलोशिपवर पाणी सोडणार. परीक्षा होऊ दे, मग बघू. आणि वाकडं तोंड दाखवायचं नाही म्हणजे कॉलही नकोत. मग सुरू झाली थापांची मालिका. देदींचा फोन पडला. देदी मित्राकडे अजमानला गेलेत. देदींचा घसा बसलाय. सत्यजित हे सगळं हसत हसत सांगायचा, फोन ठेवायचा आणि गाडीत स्टिअरिंगवर डोकं टेकून बसायचा. केया म्हणायची, "ओके बाबा, टेल हिम आय कॉल्ड." तिच्या आवाजातला हिरमोड त्याला कळत नव्हता असं थोडंच आहे!

इकडे हॉस्पिटलात योझेंनी खाणं बंद केलं. गिळता येत होतं, डॉक्टरांनी दोनदा तपासून पाहिलं. मनोरमाबाई घरून मऊ भात न्यायच्या, सूप न्यायच्या. चमचा जवळ आला की म्हातारा ओठ घट्ट मिटायचा. नाकातून नळी घातली, ती त्याने चांगल्या हाताने ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग त्या हाताला मोजा घालून बांधून ठेवावं लागलं. दिवसभर तो एकच काहीतरी बडबडायचा. त्यात 'केया' एवढाच शब्द या लोकांना कळे. मनोरमाबाईंना वाटे, नातीची आठवण येतेय. त्या कपाळावरून हात फिरवत म्हणायच्या, "केया इज फाइन, व्याहीबुवा. शी इज स्लीपिंग." सत्यजितही तेच म्हणायचा. आणि योझे भिंतीकडे तोंड फिरवायचे.

डॉक्टर नबिला एका दुपारी त्याला बाजूला घेऊन बसल्या. आवाज शांत होता, पण बाई मुद्द्यावर आल्या. हा माणूस झपाट्याने खंगतोय. नाकातली नळी तो अजूनही टिकू देत नाही, आता पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल, आणि या तब्येतीत ते धोक्याचं आहे. शिवाय तो हे का करतोय तेच कळत नाही. तो बरळत नाहीये, रोज तेच वाक्य म्हणतोय. मोबाईलवरचं भाषांतराचं ॲप लावून पाहिलं, पण इतकी अडखळती वाणी त्याला झेपत नाही. घरात ही भाषा कुणाला येते?

सत्यजितने खाली बघून सांगितलं, मुलीला येते. पण ती बाहेर आहे, तिची परीक्षा आहे, तिला यातलं काही माहीत नाही.

"मिस्टर सत्यजित," नबिला म्हणाल्या, "परीक्षा पुन्हा देता येते."

कॉरिडॉरमध्ये मनोरमाबाईंनी त्याचा हात धरला. थोडेच दिवस राहिलेत रे, एवढी कळ काढ, म्हणाल्या. पोरीचं सगळं वाया जाईल. त्या रडत होत्या. आईचं ऐकावं असं त्याला मनापासून वाटत होतं, कारण आईचं ऐकलं की फोन करावा लागणार नव्हता. भित्रा माणूस सबब शोधतो, आणि ती आईच्या तोंडून मिळाली तर सोन्याहून पिवळं. पण काचेतून त्याला सासऱ्यांचा बांधलेला हात दिसला. तो जिन्यात गेला आणि त्याने फोन लावला.

केया तिथल्या वॉर्डातून बाहेर आली होती, अंगात पांढरा कोट. बाबा दिसले म्हणून खूश झाली.

"केया, ऐक," सत्यजित म्हणाला. "देदी सिरियस आहेत."

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"इज ही डेड, बाबा?" तिने विचारलं. "तुमच्या बाबांच्या वेळी तुम्हाला सिरियसच सांगितलं होतं. डोन्ट डू दॅट टू मी."

आता आली का पंचाईत! जन्मात पहिल्यांदा माणूस खरं बोलला, तर तेही खोटं ठरायला लागलं. तो कळवळून म्हणाला, अगं नाही, जिवंत आहेत, शप्पथ. मग भडाभडा सगळं सांगितलं: पक्षाघात, थापा, नळी, बांधलेला हात. केया रडली, चिडली, तीन-चार कडक वाक्यं बोलली, ती त्याने निमूट ऐकून घेतली. मग ती म्हणाली, मला त्यांचं बोलणं ऐकू द्या.

तो खोलीत गेला. कॅमेरा त्याने छताकडे वळवून धरला. सवय कुठे जाते! योझेंच्या तोंडून तेच वाक्य सुरू होतं, तुटक, ओलं, पुन्हा पुन्हा. मनोरमाबाई पलंगाच्या पायथ्याशी पदर तोंडावर धरून उभ्या होत्या.

"काय म्हणतायत गं?" सत्यजितने विचारलं.

"ते विचारतायत..." केया म्हणाली. "ते विचारतायत, केयाला कुठे पुरलंत? निदान ते तरी सांगा."

सत्यजित पलंगाच्या कडेवर बसला. आलेंका गेली तेव्हा असंच झालं होतं. शारजा रोडवर गाडीला अपघात झाला, आणि योझे तेव्हा हृदयाच्या ऑपरेशननंतर पडून होते. धक्का सोसणार नाही म्हणून त्यांना कुणी सांगितलं नाही. आलेंका कॉल का करत नाही, असं ते विचारत, आणि हे मायलेक सांगत: शी इज फाइन, शी इज स्लीपिंग. खरं कळलं तेव्हा तिला जबल अलीत दफन करूनही झालं होतं. लेकीचं तोंडही पाहायला मिळालं नाही. योझेंनी आरडाओरडा केला नाही. पुन्हा माझ्याशी असं करू नका, एवढंच म्हणाले होते.

आणि यांनी पुन्हा तेच केलं, शब्दसुद्धा तेच. केयाचे कॉल बंद झाले, चौकशी केली की 'झोपली आहे'. म्हाताऱ्याने दुसरं काय समजायचं? जिच्यासाठी जगायचं तीच गेली, आणि हे गोड बोलून आपल्याला फसवतायत. मग खायचं कशाला? दया करायला गेलेल्या माणसांनी त्याला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं, रोज डब्यात मऊ भात घालून.

सत्यजितने सासऱ्यांच्या हातावरचा मोजा सोडला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. योझेंनी एकदा पाहिलं आणि मान फिरवली. यांनी जुना व्हिडिओ लावला असेल! एवढा विश्वास उडाला होता. केया बोलत राहिली, त्यांच्या भाषेत, रडत, मध्येच रागावून. म्हाताऱ्याची मान हळूहळू वळली. त्यांनी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर आलं. मग त्यांनी चांगल्या हाताने फोन हिसकावून घेतला आणि छातीशी धरला. मनोरमाबाई मोठ्याने रडल्या.

केया म्हणाली, मी निघते. सत्यजितच्या ओठांवर नेहमीचं 'अगं, काळजीचं काही नाही' आलंच होतं. ते त्याने गिळलं. "ये," म्हणाला. "काळजीचं आहे."

पण योझे आपल्या भाषेत ठाम काहीतरी बोलले, आणि केयाने ते सांगितलं. तिने तिथेच राहायचं, परीक्षा द्यायची, आणि रोज तोंड दाखवायचं. एक दिवस जरी दिसली नाही, तरी काय झालंय ते देदी ओळखतील. मग त्यांनी मनोरमाबाईंच्या हातून चार चमचे सूप घेतलं. सत्यजितकडे मात्र पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कॉल आला नाही.

सत्यजितने लावला, लागेना. पुन्हा लावला, बंद. मनोरमाबाई सुपाचा वाडगा घेऊन उभ्या होत्या. योझेंची नजर आधी दारावर, मग घड्याळावर, मग सत्यजितच्या हातातल्या फोनवर. त्यांनी ओठ मिटले. मनोरमाबाईंनी मुलाकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं: बोल काहीतरी, वेळ मारून ने. आणि सबबी त्याच्यापाशी काय कमी होत्या? क्लास लांबला असेल. नेटवर्क नसेल. झोपली असेल.

तो खुर्ची ओढून सासऱ्यांच्या अगदी समोर बसला.

"लागत नाहीये," तो इंग्रजीत म्हणाला. "का ते मला माहीत नाही. मलाही भीती वाटतेय."

योझेंनी त्याच्याकडे पाहिलं. मग चांगला हात उचलून त्यांनी मनोरमाबाईंच्या हातातला वाडगा सत्यजितकडे सरकवला, आणि तोंड उघडलं.