घोडा दिल्यानंतर

मल्लेश्वरमच्या एका शाळेच्या सभागृहात बारा वर्षांखालील मुलामुलींची बुद्धिबळ स्पर्धा होती. पालकांना आत मनाई होती. दाराच्या काचेतून मुलांचे चेहरे दिसत, पट दिसत नसे. माझी मुलगी तिसऱ्या टेबलावर पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसली होती.

तिला किंग्ज गॅम्बिट ही डावाची सुरुवात आवडते. दुसऱ्याच खेळीला एक प्यादे सोडायचे, पुढे वेळ आली तर घोडाही, आणि त्या बदल्यात राजावर हल्ला. या ओपनिंगने ती दोन स्पर्धांत हरली होती. आदल्या दिवशी तिच्या प्रशिक्षकांनी बजावले होते, "आणखी एकदा हरलीस की हे बंद. मी सांगेन तेच, शांतपणे खेळायचं." ती "सरी, सर", म्हणजे "बरं, सर", म्हणाली आणि घरी येऊन नीट जेवली नाही.

समोर आनेकल गावची मुलगी होती, हिच्याहून थोडी लहान. तिचे वडील कारखान्यात कामाला. सकाळच्या बसने आले होते. दाराशी आम्ही शेजारी उभे होतो. आपला डाव आटोपून बाहेर आलेल्या एका मुलीने सांगितले, तिसऱ्या टेबलावर पांढऱ्याने घोडा दिला.

शेजारचे ते वडील हसत कन्नडमध्ये म्हणाले, "अण्णा, घोडा परत घ्या. आम्हाला बसमध्ये नेता यायचा नाही."

"तुमच्या मुलीनं घेतलाय. आता तिनंच सांभाळायचा."

बराच वेळ त्यांची मुलगी कपाळ धरून बसली होती. त्यांचे हसणे थांबले. मग ती सावरून बसली, भराभर खेळू लागली. शेवटी माझ्या मुलीने हात पुढे केला. ती हरली होती.

बाहेर आल्यावर ती पायरीवर जाऊन बसली. मागोमाग आनेकलची मुलगी आली. "अक्का, ते ओपनिंग मला दाखव ना. मी जाम घाबरले होते."

दोघींनी पायरीवर पट मांडला. माझ्या मुलीचे प्रशिक्षक सर येऊन मागे उभे राहिले. माझी मुलगी खाली मान घालूनच सोंगट्या सरकवत होती. एका ठिकाणी सरांनी वाकून वजिरावर बोट ठेवले.

"इथे वजिराच्या बदल्यात वजीर का दिलास?"

"भीती वाटली."

"घोडा देऊन बसलीस, हल्ला चाललाय, आणि वजीरच काढून टाकतेस? पुढच्या वेळी हा पटावर राहिला पाहिजे."

तिने मान वर केली. "पुढच्या वेळी, सर?"

"ऐकू येत नाही का? लाव परत. घोडा दिलास तिथून."

दोघी सोंगट्या लावू लागल्या. आनेकलच्या मुलीच्या वडिलांनी घड्याळ पाहिले आणि तेही पायरीवर बसले.