टाचे न मारलेली भिंत

चुनाकाकांना किल्ल्यावर कुणी खऱ्या नावाने हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. चाळीस वर्षं माणूस चुन्यात हात घालून बसल्यावर दुसरं काय होणार? बोटांच्या पेरांना भेगा, भुवया पांढऱ्या, आणि खिशातून रुमाल काढला तरी आधी पांढरी पूड पडणार. बायको म्हणायची, यांच्यामागे घर झाडायला वेगळी बाई ठेवावी लागेल, आणि ती बाईही महिन्यात पळून जाईल.

काम भिंतींचं. टेकडीवरचा किल्ला सहाशे वर्षांचा. आत राजाचा दिवाणखाना, राणीचा महाल, बैल भाजता येईल एवढी चूल असलेलं स्वयंपाकघर आणि चार बुरूज. पाहुणे तिकीट काढून येतात, माना वर करून बघतात, फोटो काढतात आणि खाली जाऊन चहा पितात. भिंत कोण उभी ठेवतो हे कुणी विचारत नाही, आणि काकांनाही त्याचं काही वाटत नसे. फक्त सिमेंटचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. जुन्या भिंतीला सिमेंट म्हणजे म्हाताऱ्याच्या पायात घट्ट बूट, असं ते म्हणत. चुना स्वतः भिजवायचा, स्वतः मळायचा, बोटाने चाखून बघायचा. हो, चाखून! नव्या गवंड्यांना वाटायचं म्हातारा सटकलाय.

पण खरा दरारा होता तो टाच्यांचा. जुन्या भिंतीवर गिलावा करण्याआधी छिन्नीने तिच्यावर बारीक बारीक खड्डे पाडायचे, त्यांना टाचे म्हणतात. खड्डे असले की गिलावा धरून बसतो. नाही मारले तर वरून सगळं गुळगुळीत, राजेशाही दिसतं, पण आत हवा धरते आणि भिंत पोकळ वाजते. हे काम कंटाळवाणं. हात भरून येतो, डोळ्यांत कपची उडते, आणि नंतर ते दिसतही नाही, म्हणून गवंडी हमखास तिथेच अंग चोरतो. काका बोटाचं पेर वाकवून प्रत्येकाची भिंत वाजवून बघत. पोकळ आवाज आला की मग त्या गवंड्याची काही खैर नसे. किल्ल्यातल्या गवंड्यांच्या कारखान्यात त्यांनीच पाटी लिहून लावली होती: टाचे नाहीत, तर गिलावा नाही.

याच टाच्यांपायी त्यांनी सख्ख्या मेहुण्याला कामावरून काढलं होतं. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कामाला लावलं काकांनीच, हातात थापी दिली ती काकांनीच. धान्याच्या कोठाराची भिंत त्याने केली, काकांनी वाजवली, आणि चार हात लांब भिंत रिकाम्या डब्यासारखी वाजली. अकरा गवंड्यांसमोर काका म्हणाले, तुझं माझं नातं घरी, इथून खाली उतर. मेहुण्याने थापी धुतली, पुसली, जागेवर ठेवली, एकदा काकांकडे नीट बघितलं आणि एक शब्द न बोलता उतरला. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. तो त्यानंतर बहिणीच्या घरी आला नाही. बायकोही त्यावर काही बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

आता आतली गोष्ट. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण चुनाकाकांनीच खरी केली होती, आणि जगात हे दोघांनाच माहीत होतं. एक ते स्वतः, दुसरा मेहुणा.

उत्तरेच्या बुरुजात तिसऱ्या मजल्यावर एक गोल खोली आहे. युद्धाच्या काळात सैन्याने किल्ला ताब्यात घेतला आणि त्या खोलीत माणसं कोंडली. कुणी शिक्षक, कुणी छापखानेवाला, कुणी नुसता चुकीच्या वेळी रस्त्यात सापडलेला. युद्ध संपलं, पंचवीस वर्षं गेली, किल्ला पाहुण्यांना उघडायचं ठरलं, तेव्हा त्या वेळचे साहेब म्हणाले, लोक राजा-राणी बघायला येतात, तुरुंग कशाला दाखवायचा? झाका सगळं. चुनाकाका तेव्हा चोवीस वर्षांचे. भिंती काजळलेल्या आणि जिकडे बघावं तिकडे ओरखडे. नावं, तारखा, शिव्या. पोटासाठी आलेल्या पोराने ते वाचायचं नसतं. त्यांनी छिन्नी घेतली आणि टाचे मारत निघाले. चौथ्या दिवशी दुपारी खिडकीच्या डाव्या बाजूला दोन हात भिंत उरली असताना शाळकरी मेहुणा धापा टाकत जिना चढून आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, आणि चारची बस सापडली तर आजच बघायला मिळेल. काकांनी टाचे मारलेच नाहीत. होता तो गिलावा फासला, गुळगुळीत केला आणि पळाले. मेहुणा दारात उभा राहून बघत होता. तेव्हा त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पुढे काकांच्याच हाताखाली काम शिकला, तेव्हा कळलं असणार. आणि कोठारातून निघताना त्याने बघितलं ते तेच सांगायला. तरी तो बोलला नाही. काकांना कितीदा वाटायचं, बोलला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

असो. काकांच्या नोकरीचे दोन महिने उरले होते तेव्हा एका सकाळी सत्तरी ओलांडलेली एक बाई सुनेला घेऊन किल्ला बघायला आली. बघायला म्हणजे काय, राजाचा दिवाणखाना तिने पाठ फिरवूनच ओलांडला. राणीच्या महालात सुनेने फोटोसाठी थांबवलं, तर म्हणाली, तू काढ तुझा, मी कशी दिसते मला माहीत आहे. तिकीटवालीला तिने एवढंच विचारलं की उत्तरेचा बुरूज कुठे. तिथल्या बासष्ट दगडी पायऱ्या, त्याही उंचच उंच. प्रत्येक वळणावर ती थांबायची, भिंतीला हात टेकायची, पुन्हा चढायची. मागून सून बस चुकेल म्हणून कुरकुरत होती. खिडकीच्या चौकटीचं काम चाललेलं, म्हणून वर दोन गवंड्यांना घेऊन चुनाकाका होते आणि काम बघायला आलेला तरुण साहेबही होता.

बाई खोलीच्या मध्ये उभी राहिली आणि पांढऱ्या भिंतींकडे गोल फिरून बघितलं. मग तिने सांगितलं. ती पाच वर्षांची असताना तिच्या बाबांना घरातून उचललं. तीन वर्षं ते इथे होते, असं मागाहून कळलं. परत आलेच नाहीत. आता गेल्या हिवाळ्यात त्यांच्याबरोबर कोंडलेल्या एका माणसाची वही त्याच्या मुलाच्या हाती लागली, आणि त्याने पत्ता शोधून तिला पत्र लिहिलं. वहीत होतं, खिडकीच्या डाव्या अंगाला, खाली, हा माणूस पोरीसाठी काहीतरी कोरत बसायचा.

चुनाकाकांनी हातातला ओळंबा खाली उतरवला.

साहेब भला माणूस. त्याने तिला बसायला स्टूल दिलं आणि जमेल तितक्या हळू आवाजात समजावलं की गिलाव्याआधी भिंत टाचलेली असते. खाली काही उरलेलं नसणार. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर शंकेला जागा होती, पण हे चुनाकाकांचं काम आहे, त्यांनी बोटभर जागा कधी सोडलेली नाही. आणि त्याने अभिमानाने काकांकडे बघितलं. काका ओळंब्याची दोरी गुंडाळत राहिले. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होते.

बाईने मान हलवली. रडली-बिडली नाही. खिडकीच्या डाव्या बाजूला गेली, वाकून भिंतीवरून हात फिरवला आणि काकांना म्हणाली, "सुरेख काम आहे हो भाऊ. एक रेघ नाही कुठे."

मग सुनेचा हात धरून ती जिना उतरायला लागली.

झाकली मूठ सव्वा लाखाची. काकांना दोनच महिने काढायचे होते. कुणाला काही कळलं नसतं. पण बाई एकेक पायरी उतरत होती, प्रत्येक पायरीचा आवाज वर येत होता, आणि काकांना नको नको ते दिसायला लागलं. कोठारातले ते अकरा गवंडी, धुवून ठेवलेली थापी, कारखान्यातली पाटी. आणि आता यावर कडी म्हणजे, त्यांचं नाव चांगलं होतं म्हणून ही म्हातारी रिकाम्या हाताने चालली होती. त्यांनी उठून त्या जागी बोटाचं पेर वाकवून भिंत वाजवली. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

आवाज ऐकून साहेबाची मान वळली. काम ओळखायला तो याच काकांकडून शिकला होता.

"पोकळ आहे," काका म्हणाले. "मी इथे टाचे मारले नव्हते. मुलगी झाली म्हणून पळालो होतो. आणि याच चुकीसाठी मी माझ्या मेहुण्याला सगळ्यांदेखत काढलं."

साहेब भिंतीजवळ आला. काका थांबलेही नाहीत. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी ताई, वर या, अशी हाक मारली, आणि म्हातारी पुन्हा वर आल्यावर तिच्यासमोर, चौकटीचं काम करणाऱ्या दोन्ही गवंड्यांसमोर तेच पुन्हा सांगितलं, कारण गवंड्यांनाही ऐकायचा हक्क होता. त्यातला एक हसला. हसणारच.

साहेब म्हणाला, लगेच उघडू या. काका म्हणाले, उद्या. पोकळ गिलावा सुटतो तो लादीसारखा अख्खा सुटतो. एकजण कडा मोकळ्या करतो, दुसरा फळी लावून अंगावर तोलून धरतो. फळी घसरली तर गिलाव्याबरोबर खालचा पापुद्राही जाईल. यासाठी ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवता येईल असा माणूस लागतो. असा कोण आहे, साहेबाने विचारलं. काकांनी चौकटीवरच्या दोघांकडे बघितलं नाही.

संध्याकाळच्या आत काका मेहुण्याच्या गावी पोहोचले. मेहुणा अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याची भिंत लिंपत होता. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, म्हातारीचं, भिंतीचं, आणि आज सगळ्यांसमोर काय कबूल केलं तेही. माफी मागणं मात्र मागेच राहिलं. पासष्टाव्या वर्षी नव्याने बोलायला शिकणं काही सोपं नसतं. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. एकोणीस वर्षं चुकलं."

मेहुणा हात धूत राहिला. मग त्याने विचारलं, "कोठाराची भिंत वाईटच होती ना पण?"

"वाईट होती."

"हं," मेहुणा म्हणाला. "सकाळी पहिली बस किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी म्हातारी आधीच येऊन बसली होती. सुनेने रात्री सराईतल्या गादीवरून कुरकुर केली असेल तेवढीच, आज ती गप्प होती आणि सासूची पिशवी धरून उभी होती. मेहुण्याने फळी लावली, खांदा दिला. काकांनी पातळ सुरी कडेने फिरवायला घेतली. तासभर दोघांमध्ये फक्त "धर," "धरलंय," "खाली," "हं," एवढंच चाललं होतं. मग आत बारीक कुरकुरल्यासारखं झालं आणि गिलावा अख्खाच्या अख्खा मेहुण्याच्या फळीवर आला. काकांनी दुसरी बाजू धरली आणि दोघं जिना उतरल्यासारखे पाऊल पाऊल मागे सरले.

काळी भिंत उघडी पडली. तिच्यावर आडव्या रेघा होत्या. एकावर एक, शिडीसारख्या, सगळ्यात खालची कमरेच्या जरा वर. साहेब हळूच म्हणाला, दिवस मोजले असतील. एकेचाळीस वर्षांपूर्वी गिलावा फासताना काकांनाही तसंच वाटलं होतं. पण दिवस मोजायला रेघा इतक्या अंतरावर कशाला कोण मारेल? प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरं होती. सुनेने खाली बसून मोबाइलचा उजेड पाडला आणि वाचून दाखवलं. चिमणी पाच. चिमणी साडेपाच. चिमणी सहा. असं आठपर्यंत.

"मी चिमणी," म्हातारी म्हणाली. घरी दाराच्या चौकटीवर बाबा तिची उंची मोजून रेघ ओढायचे, दर सहा महिन्यांनी. इथे पोरगी नव्हती, म्हणून त्यांनी अंदाजाने ओढली होती.

ती स्टुलावरून उठली. खालच्या रेघेवर तिने हात ठेवला, मग वरच्या, मग त्याच्या वरच्या. सातच्या रेघेपाशी हात थांबला. सुनेने विचारलं, काय झालं आई?

"मी सातव्या वर्षी एवढी नव्हते गं," म्हातारी म्हणाली. "पाचाची होते तेवढीच होते. वाढलेच नाही. खायला कुठे होतं आम्हाला."

तिने आठची रेघ बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसली, धूळ बसलेली होती म्हणून.

"त्यांना वाटलं, आम्ही पोटभर जेवतोय," ती म्हणाली. "बरं झालं. त्यांना तसंच वाटत राहिलं."

चुनाकाका आणि मेहुणा गिलाव्याचा तो जड तुकडा दोन बाजूंनी धरून उभे होते. खाली ठेवायचं दोघांनाही सुचलं नाही.