नासपतीवरचं मोहोळ

माझी बायको आल्दोना जिवंत आहे ती ओनुफ्रीकाकांमुळे. त्यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नव्हे, पण दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

काका पोलिश, माझे सासरे बाल्त्रुस लिथुआनियन. मध्ये एक कुंपण. दोघांनाही मधमाश्यांचं वेड, पण गावातली शाळा कुठल्या भाषेत चालावी यावरून बिनसलं आणि बोलणं तुटलं. काका तसे तुसडेच. कोणी मधाचं कौतुक केलं तर म्हणत, "मला काय सांगतोस, माश्यांना सांग."

आमच्याकडे लिथुआनियात माश्या कोणी विकत नाही. एकाचं मोहोळ उठून दुसऱ्याच्या झाडावर बसलं की ती दोन घरं सोयरी होतात. ते उतरवायला सगळं घर जातं, मग सगळे एका ताटातला मध खातात. माश्यांबद्दल खोटं बोलणाऱ्याचं घर माश्या सोडून जातात, असं मानतात.

महायुद्धात, एकोणीसशे चव्वेचाळीसच्या जूनमध्ये, लिथुआनियन पोलिसांनी शेजारच्या गावातल्या पोलिश लोकांना गोळ्या घातल्या. त्यांत काकांची बहीण होती. तिला पुरून परतताना त्यांना कळलं, सूड घ्यायला पोलिश बंदूकवाले आमच्या गावाकडे निघालेत.

सासरे दाराला अडसर लावून बसले होते. त्या दिवशी त्यांनी कुठल्याच पोलिश माणसाला दार उघडलं नसतं. काकांनी कुंपणावरून हाक मारली.

"बाल्त्रुस, तुझं मोहोळ माझ्या नासपतीवर बसलंय. सगळ्यांना घेऊन ये."

सासरे टोपली घेऊन निघाले. मागे सासूबाई, त्यांच्या हाताला धरून लहानगी आल्दोना. नासपतीवर एक माशी नव्हती. काकांनी तिघांना खोपटात ढकललं आणि दारापुढच्या पेट्यांवर काठीने ठोकून माश्या चवताळवून सोडल्या.

बंदूकवाले आले. एक जण खोपटाकडे वळला, कानाला डंख बसताच शिव्या घालत मागे फिरला. म्होरक्याने शेजारी कुठे गेला ते विचारलं.

"मी बहिणीला माती देऊन आत्ता येतोय," काका म्हणाले. "शेजाऱ्यावर नजर ठेवायला मी घरी होतो कुठे?"

ते पुढे गेले. पुढच्या लिथुआनियन घरांना अशी हाक कोणी मारली नव्हती. तिथे बायकापोरंही उरली नाहीत.

संध्याकाळी सासरे सुजलेल्या तोंडाने बाहेर आले.

"माश्यांबद्दल खोटं बोललास, ओनुफ्री?"

"बोललो."



काकांनी मात्र धास्ती घेतली. हिवाळाभर पेट्यांना कान लावून बसायचे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं एक मोहोळ उठलंच. पडल्या चेहऱ्याने ते मागे धावले. मोहोळ कुंपण ओलांडून सासऱ्यांच्या सफरचंदावर बसलं.

सासरे ताट घेऊन उभेच होते. "ये सोयऱ्या," ते म्हणाले. "कुठे जात नाहीत तुझ्या माश्या."

काका गवतातच बसले आणि टोपी तोंडावर धरली. आल्दोनाला वाटलं रडतायत. टोपी काढली तर हसत होते.