वहिनींच्या गळ्यातली पेटी

"लावून तं पाहू!" असं म्हणून आमचे रेडिओवाले दातांनी वायर सोलायचे. कात्री हाताशी असायची, पण भरवसा दातांवरच. "बाई, कात्रीले अंदाज नसते," असं वर मलाच ऐकवायचे.

सत्तरच्या दशकात मी पवनीच्या शाळेत शिकवत होते. माझ्या खोलीखाली त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि मागे घर. वीज नवी, ट्रान्झिस्टर त्याहून नवा. लोक त्यावर गाणी ऐकायचे. रेडिओवाल्यांना त्यात दुसऱ्याच्या अडचणीचं औषध दिसायचं.

कोंढ्याच्या धानगिरणीत धानाबरोबर खिळे जाऊन चाळण्या फाटायच्या. यांनी फुटक्या लाऊडस्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि धान पडतं त्या तोंडाशी बांधलं. संध्याकाळी त्याला चिकटलेले खिळे बघून गिरणीवाल्यानं कपाळावर हात मारला.

एका कोष्ट्याकडे मागाच्या सुताच्या कांड्या भरायला त्यांनी शिलाई मशीनची मोटर लावली. ती अशी काही पळाली की सूत तुटून म्हाताऱ्याच्या मिशीत अडकलं. "हे मशीन होय का भूत होय?" म्हातारा ओरडला. यांनी शांतपणे मध्ये एक बल्ब जोडला. अर्धी वीज बल्बनं खाल्ली आणि मोटर गरीब गाईसारखी चालू लागली.

असा खटपट्या माणूस तुमच्याही गावात असेल. लोक त्याला हसतात आणि अडलं की त्याच्याच दारात जातात.

त्यांची स्वतःची अडचण मात्र फार दिवस कुणाला कळली नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, ऐकू येईनासं झालं होतं. बाजारात बाया हसतात म्हणून त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं. नवरा-बायकोचं बोलणं हातवाऱ्यांवर आलं होतं. "दिवसभर लोकायच्या रेडिओसंग बोलतो, बाई," ते एकदा म्हणाले, "घरी गेलो का मुका."

मग त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरचा माईक, ट्रान्झिस्टरचं पोट आणि एक इअरफोन असं सगळं साबणदाणीत बसवलं. वहिनींनी ती पेटी बटव्यात घालून गळ्यात अडकवली. मी तिथेच होते.

"आयकू येते का वं?"

वहिनी दचकल्या. मग हसतच सुटल्या. "अजी, तुमचा आवाज बुढा झाला!"

रेडिओवाल्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मलाही तिथे उभं राहवेना. मी जिना चढून वर आले.

वहिनी पुन्हा बाजारात जाऊ लागल्या, भाजीवालीशी भांडू लागल्या. "बाई, तुमची चप्पल लय वाजते," असा मलाही दम भरला. इतका गोड दम मला पुन्हा कुणी दिला नाही.

पुढे ते सुख ओसरत गेलं. वहिनींना आणखी कमी ऐकू येऊ लागलं, तसे ते पेटीचा आवाज वाढवत राहिले आणि पेटी शिट्टी मारू लागली. ती शिट्टी सगळ्या गल्लीला ऐकू जायची, वहिनींना तेवढी नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाची नसच वाळली आहे, आता कुठलंही यंत्र चालणार नाही. तरी यांचं जोडणं-सोडणं थांबेना. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

शेवटी वहिनींनीच पेटी गळ्यातून काढून त्यांच्या हातात ठेवली. "राहू द्या जी आता. तुमचा बुढा आवाज आयकला मी. पुरे झालं."

त्यानंतर ते रेडिओ दुरुस्त करायचे, पण वाजवून दाखवायचे नाहीत. "घरी जाऊन लावा," म्हणायचे.

काही वर्षांनी छातीत कळ येऊन ते गेले. अंगणात बायांचा आकांत चालला होता. वहिनी उशाशी बसल्या होत्या. रेडिओवाल्यांचे ओठ जरासे उघडे राहिले होते. वहिनींना काय वाटलं कोण जाणे, त्या वाकल्या आणि त्या ओठांना त्यांनी कान लावला. मग मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

"गप रहा ना बायांहो. हे काहीतरी बोलून राहिले."

वहिनींना काहीच ऐकू येत नाही, हे तिथे प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी एकेक करून आम्ही सगळ्या गप्प झालो.