कूलरसमोरचं एक्सचेंज

इंटरनेट बंद पडलं की माणसं चिडतात, कंपनीला शिव्या घालतात, मोबाईल आपटतात. पण राउटरच्या अंगाला हात लावून ताप पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे मावसाजी, म्हणजे सख्ख्या मावशीचे यजमान. राहणार जबलपूर, मदन महल स्टेशनच्या मागे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि खांबांवर चढत-उतरत सुपरवायझर होऊन रिटायर झाले. ते खात्यातून बाहेर पडले. खातं काही त्यांच्यातून बाहेर पडलं नाही. घरात वायफाय आलं त्या दिवशी त्यांनी राउटरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं नाव ठेवलं 'एक्सचेंज'. तेव्हापासून घरात इंटरनेट हा शब्द कोणी उच्चारला नाही. "एक्सचेंज आज नाराज आहे," "एक्सचेंजला जरा आराम देऊ," "हळू बोल, एक्सचेंज आत्ताच उठून राहिलं." रोज सकाळी चहाच्या आधी ते त्या काळ्या डब्यावर उलटा हात ठेवत, आणि तो कोमट लागला की दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला असे.

त्या काळात मी त्यांच्याकडेच राहत होते. आमच्या संघटनेचं काम होतं, पत्रकं लिहायची, छापायची, गोहलपुरापासून सराफ्यापर्यंत वाटायची. माझी श्रद्धा साधी आहे: प्रत्येक त्रासामागे कोणीतरी जबाबदार असतो, त्याचं एक कार्यालय असतं, आणि त्या कार्यालयाला एक गेट असतं. मावसाजींची श्रद्धा याच्या बरोबर उलटी. त्रास झाला की आधी आपली वायर तपासायची, मग शेजाऱ्याची, आणि तरी काही सापडलं नाही तर पुन्हा आपली. मी दारातून आत आले की ते मावशीला हाक मारत, "चहा टाक वो, मोर्चाबाई आल्या. आज कोणाचं मुर्दाबाद करून राहिल्या, विचार."

त्यांची तपासणीची पद्धत खास खात्यातली. मोबाईलवरच्या रेघांवर त्यांचा विश्वास नव्हता. "रेघा कोणीही काढते. लाइन म्हणजे आवाज," असं ते म्हणत. म्हणून नेट गडबडलं की ते मावशीला मागच्या खोलीत बसवत, मला जिन्यात उभं करत, आणि स्वतः बैठकीतून मावशीला व्हॉट्सॲपवर फोन लावून खांबावरून ओरडावं तसं ओरडत, "हॅलो, टेस्टिंग. आवाज येऊन राहिला का?" तो आवाज मोबाईलमधून जावो न जावो, भिंतीतून नक्की जाई, बहुधा स्टेशनच्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मपर्यंतही जात असावा. मावशी आतून म्हणे, "येऊन राहिला जी." झालं. लाइन ओके. मी जिन्यातून सांगत असे की मावसाजी, फोन लागलाच नाही, तुमचा नुसता गळा लागला. ते समजूतदारपणे मान हलवत आणि म्हणत, "तुला काहून इतका राग येते बेटा? ऐकू आलं ना तिला?"

हेल्पलाइनला फोन करायचा तर त्याचाही सोहळा. मी फोन केला असता तर तिसऱ्या वाक्याला साहेबाचं नाव विचारलं असतं. मावसाजी चष्मा पुसून, खुर्ची ओढून, नीट बसून नंबर लावत. पलीकडून मुलगी बोलली की पहिला प्रश्न, "बेटा, खाना हो गया?" मग तिचं गाव, मग तिच्या गावचं ऊन, मग तिची शिफ्ट किती लांब असते ते. शेवटी ती बिचारी विचारी, "अंकल, शिकायत क्या लिखूँ?" तर हे म्हणत, "शिकायत नहीं बेटा, बस इत्तला दे रहा था." म्हणजे नुसती खबर. मी शेजारी बसून दातओठ खात असे. मी म्हटलं, तुम्ही गिऱ्हाईक आहात, पाहुणे नाही. ते म्हणाले, "तीस-पस्तीस वर्षं लोकायच्या शिव्या मी फोनवर ऐकल्या. आता त्याच शिव्या मी त्या पोरीला देऊ?" मी त्यावर पत्रकही लिहू शकत नव्हते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्या डब्यावर मावशीचा रविवार अवलंबून होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिचं मराठी मंडळाच्या हॉलवर जाणं बंद झालं, तेव्हापासून ती घरूनच, मोबाईलच्या पडद्यावर, मुलांचा मराठीचा वर्ग घेई. आमच्या जबलपूरच्या मराठी घरांतली मुलं. आई मराठीत रागावते ते त्यांना सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. त्यातली गोहलपूरची एक चिमुरडी तर 'जी आजी' आणि 'नहीं आजी' याच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती. मावशी म्हणे, "हिच्या तोंडून एक वाक्य निघू दे, मग मी सुटले." आणि वाक्य निघेलसं वाटलं की नेट जाई. परत येईपर्यंत निम्मी मुलं खेळायला गेलेली. एप्रिल लागला तसं हे दर रविवारी होऊ लागलं. मंडळाच्या सेक्रेटरींनी शेवटी फोन करून सांगितलं, "वहिनी, या रविवारी पाहू. नाही जमलं तर वर्ग सध्या बंद ठेवू." आमच्याकडे 'सध्या' बंद झालेलं पुन्हा उघडत नाही, हे मावशीला माहीत होतं. तिनं मुलांसाठी कापून ठेवलेली अक्षरांची कार्डं तेवढी डब्यात भरून टाकली.

मावसाजींनी ते पाहिलं आणि उपचार दुप्पट केला. उपचार म्हणजे कूलर. त्यांच्या खात्यात माणसं घामानं निथळत आणि मशीनं एसीत बसत. तेव्हापासून त्यांच्या मते मशीनला एकच रोग, गरमी. मागच्या खोलीच्या खिडकीत त्यांचा जुना लोखंडी कूलर घट्ट बसवलेला होता, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या पट्ट्यांचा, दोन बादल्या पाणी पिणारा. बरोबर त्याच्या तोंडापुढे स्टुलावर एक्सचेंज. नेट गेलं की कूलर वाढव. आणखी गेलं की आणखी वाढव. मी मात्र तिकडे कंपनीविरुद्ध पत्रक लिहून मोकळी झाले होते. 'मराठीचा गळा घोटणाऱ्या कंपनीला जाब विचारा' असा मथळा होता, आणि तो मला अजूनही आवडतो.

शनिवारी दुपारी मावसाजींनी ताप पाहायला डबा उचलला, आणि त्यांच्या मनगटावरून पाण्याचा ओघळ कोपरापर्यंत गेला. त्यांनी डबा हलवला. आत पाणी वाजलं. महिनाभर त्यांनी त्याला दवात आंघोळ घातली होती. ज्या खोलीत पापड सादळतात तिथे बिचारं एक्सचेंज किती टिकणार. ते स्टुलाकडे पाहून मला म्हणाले, "फॉल्ट आपल्याच घरात निघाला ना बेटा." त्यांनी तो डबा पुसून गच्चीवर मावशीच्या कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवला. खाली येऊन, चष्मा पुसून, खुर्ची ओढून हेल्पलाइन लावली आणि माफी मागितली. "बेटा, फॉल्ट हमारी तरफ से था. आप लोगों को नाहक तकलीफ दी." पलीकडची मुलगी गोंधळली. तिच्याकडे माफी नोंदवायची सोय नसावी. तिनं विचारलं, "तो अंकल, शिकायत लिखूँ?" माझ्या पत्रकांचा गठ्ठा तिथेच टेबलावर होता. मी तो उचलला आणि माळ्यावर टाकला. फेकला नाही, कारण कंपन्या काही धुतल्या तांदळासारख्या नसतात.

रविवारी एक्सचेंज बैठकीत आलं, वायर तिथूनच आत जात होती. मधली भिंत जाड, त्यामुळे मावशीलाही तिथेच बसणं भाग होतं. आणि बैठकीत कूलर नाही. पंखा होता, तो नुसतं ऊन ढवळत होता. मावसाजी मावशीच्या शेजारी, पडद्यात दिसणार नाही असं वेताचा मोढा ओढून बसले आणि ताडाच्या पंख्यानं तिला वारा घालू लागले. वर्ग संपेपर्यंत नेट गेलं नाही, हात थांबला नाही. मी म्हटलं, मी घालते थोडा वेळ. म्हणाले, "तू घोषणा दे. ड्यूटी माझी आहे."

आता मी दुसऱ्या शहरात असते, कार्यालयात नेट असं की कधी जातच नाही. रविवारी काम बाजूला ठेवून मीही त्या वर्गात डोकावते. मधे मावशी, भोवती मुलांच्या चौकटी, आणि मावशीच्या चौकटीच्या कडेला ताडाच्या पंख्याचं एक टोक, आत येणारं, बाहेर जाणारं. मावसाजी आता थकलेत. गेल्या वेळी ते टोक मधेच आलं नाही. मावशी वाक्य अर्धवट सोडून बाजूला पाहू लागली. मुलांना वाटलं नेट गेलं, आणि गोहलपूरची ती 'जी आजी'वाली चिमुरडी स्क्रीनजवळ तोंड आणून, खांबावरून ओरडावं तशी ओरडली, "आजी, आवाज नाही येऊन राहिला."

मावशी तशीच बाजूला बघत राहिली. मग हळूच पंख्याचं टोक पुन्हा आत आलं.